रिमोट मार्केटिंग एजन्सीत जायचंय? आधी विचारा, माझ्या नावावर अकाउंट किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका एजन्सीत दोन वर्षं गूगल आणि मेटाच्या जाहिराती सांभाळल्या, आता सांगलीला आईवडिलांजवळ परतायचं आहे. कुठेच ऑफिस नसलेली आणि बहुतेक अमेरिकन क्लायंट असलेली एक एजन्सी महिना ६५ हजार द्यायला तयार आहे. तिथल्या आजी-माजी लोकांनी लिहिलेले अनुभव वाचले, तर निम्मे म्हणतात इतकी चांगली नोकरी आयुष्यात मिळाली नाही आणि निम्मे म्हणतात आठ महिन्यांत पार पिळून निघालो. यात खरं कोण बोलतंय?

दोघंही. मी २००९ पासून या धंद्यात आहे आणि २०१६ पासून साताऱ्यातल्या घरून काम करते. दोन रिमोट एजन्स्या झाल्या. पहिल्या एजन्सीत अडीच वर्षं काढली आणि शेवटी आजारी पडून बाहेर पडले. दुसऱ्या एजन्सीत अजून आहे आणि आता तिथल्या जाहिरातींच्या टीमची जबाबदारी माझ्याकडे आहे. दोन्हीकडे ऑफिस नव्हतं, स्लॅक (टीमने आपसात निरोप पाठवायचं ॲप) होतं, क्लायंट परदेशी होते, पगारही जवळपास सारखाच होता. म्हणून ‘रिमोट काम चांगलं की वाईट’ यावर लोक वाद घालतात तेव्हा मला वाटतं, मुद्दा बाजूलाच राहतो. एजन्सीतलं तुमचं आयुष्य एका आकड्यावर ठरतं: तुमच्या एकट्याच्या नावावर किती अकाउंट आहेत, म्हणजे किती क्लायंटच्या जाहिराती तुम्ही एकटे सांभाळता.

हा आकडा कुठून येतो ते समजून घ्या, कारण मुलाखतीत तो कुणी आपणहून सांगत नाही. समजा, एक क्लायंट महिन्याला २,००० डॉलर रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेली फी देतो. एजन्सी तासाला १०० डॉलर धरून चालते, म्हणजे त्या क्लायंटसाठी महिन्याला २० तास. त्यातले पाच क्लायंटशी बोलणाऱ्या अकाउंट मॅनेजरचे, उरलेले १५ जाहिराती सांभाळणाऱ्याचे. महिन्यात कामाचे तास १६०. त्यातून अंतर्गत मीटिंग, टाइमशीट, रजा, नव्या माणसाला शिकवणं, एखाद्या नव्या क्लायंटसाठी प्रपोजल हे सगळं वजा केलं की हातात १२० तास उरतात. १२० भागिले १५, म्हणजे आठ अकाउंट. आठ अकाउंटवाला माणूस संध्याकाळी लॅपटॉप मिटू शकतो, आणि तोच मग ती पहिल्या प्रकारची खूश प्रतिक्रिया लिहितो.

आता टीममधला एक जण नोकरी सोडतो. त्याच्याकडची आठ अकाउंट ‘तात्पुरती’ दोघांत वाटली जातात. तुमची झाली बारा. प्रत्येक अकाउंटच्या वाट्याला आता दहा तास. कमी झालेले पाच तास नेमके कुठून जातात ते पाहा. महिन्याचा रिपोर्ट चुकवता येत नाही, क्लायंटचा कॉल चुकवता येत नाही, त्याच्या ईमेलला उत्तर दिलंच पाहिजे. मग कात्री लागते ती खऱ्या कामाला: लोक नेमकं काय शोधून जाहिरातीपर्यंत आले ते वाचणं, नको ते शब्द वगळणं, जाहिरातीचा नवा मजकूर करून पाहणं, जाहिरातीवर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानावर (लँडिंग पेज) माणूस कुठे अडतो ते बघणं. बाहेरून सगळं वेळेवर चाललेलं दिसतं. तीन-चार महिन्यांनी क्लायंटचे आकडे उतरतात आणि तो सोडून जातो. रिटेनर गेला म्हणून एजन्सी नवा माणूस घेत नाही, आणि आणखी कुणी सोडून गेलं की जो उरतो त्याच्याकडे चौदावं अकाउंट येतं. हे चक्र मी आतून पाहिलं आहे. त्यात कुणी दुष्ट असावं लागत नाही; मालक चांगला असला तरी ते फिरतं.

लहान क्लायंट असतील तर हे आणखी बिघडतं. अमेरिकेतल्या गावोगावचे दंतवैद्य, छपरं दुरुस्त करणारे ठेकेदार, एकट्याने वकिली करणारे लोक महिन्याला पाचशे-सातशे डॉलर देतात. वरच्याच हिशोबाने त्यांच्या वाट्याला महिन्याला पाच-सात तास येतात. पण त्यांचा फोन मोठ्या क्लायंटइतकाच वाजतो, किंबहुना जास्त, कारण तो पैसा त्यांच्या खिशातला असतो. अशा पंचवीस लोकांना सांभाळणारा आणि तीन मोठ्या ब्रँडवर काम करणारा एकाच एजन्सीत, एकाच स्लॅकवर असतात. म्हणून तुम्ही वाचलेले अनुभव एकमेकांशी जुळत नाहीत. ते वाचताना लिहिणारा कोणत्या टीममधला होता आणि त्याने कधी लिहिलं, हे आधी बघा. एकाच आठवड्यात लागोपाठ आलेल्या पाच गोड प्रतिक्रिया मी धरत नाही. प्रोबेशन संपलेल्या मुलांना ‘चार चांगले शब्द लिहा’ असं सांगितलं जाताना मी पाहिलं आहे.

माझ्या पहिल्या एजन्सीत माझी अकाउंट चारवरून तेरावर गेली, त्याला जेमतेम वर्ष लागलं. २०१८ मधली एक शुक्रवारची रात्र, एक वाजून गेलेला. एका क्लायंटचं दिवसाचं बजेट ८० डॉलर करायचं होतं, मी ८०० टाइप केलं आणि झोपले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: गूगल एखाद्या दिवशी ठरलेल्या सरासरी बजेटच्या दुपटीपर्यंत खर्च करू शकतं, महिन्याची मर्यादा त्या बजेटच्या ३०.४ पट. सोमवारी दुपारी पाहिलं तेव्हा १,९०० डॉलर गेले होते. चूक माझीच होती, मी लगेच कळवलं. मालकाने ते स्लॅकवर सगळ्या कंपनीच्या चॅनेलवर माझ्या नावानिशी टाकलं. खाली चाळीस माणसं आणि चाळीस माणसांची शांतता. ऑफिसमध्ये असं झालं असतं तर निदान कुणीतरी चहाला चल म्हणालं असतं. इथे मी साताऱ्यातल्या मागच्या खोलीत एकटी त्या स्क्रीनकडे बघत बसले होते, आणि बाहेर सासूबाई विचारत होत्या, जेवायला वाढू का. तेरा अकाउंट एका माणसाकडे का आहेत, हा प्रश्न त्या चॅनेलवर कुणी विचारला नाही. मीही नाही.

दुसऱ्या एजन्सीत दीड वर्षाने माझ्या एका सहकाऱ्याने चुकून चालू मोहीमच बंद केली. पाच दिवस क्लायंटकडे ग्राहकांची एकही चौकशी आली नाही. आमच्या टीमप्रमुखाने तासाभरात क्लायंटला स्वतःच्या नावाने पत्र लिहिलं, तेवढ्या दिवसांची फी परत केली, आणि एक पान लिहिलं: काय झालं, कसं लक्षात आलं, पुढे काय बदलायचं. त्या पानावर कुणाचंच नाव नव्हतं. तेव्हापासून शुक्रवारी दुपारनंतर बजेट आणि मोहिमांना हात लावायचा नाही, आणि ठरावीक रकमेपुढचा बदल दुसऱ्याने पाहिल्याशिवाय करायचा नाही, असे दोन नियम आले. ते नियम आजही पाळले जातात. ऑफिस नसलेल्या जागी विश्वास असा लिहूनच तयार होतो. माझ्याकडे यापेक्षा चांगला पुरावा नाही. मुलाखतीत विचारा: ‘तुमच्याकडे शेवटची मोठी चूक कोणती झाली आणि नंतर काय केलं?’ आमच्याकडे चुका होत नाहीत असं उत्तर आलं, तर तिथे चुका लपवल्या जातात असं समजा.

आता वेळेबद्दल, कारण ‘फ्लेक्सिबल तास’ या शब्दावर लोक फसतात. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेआठ आणि उन्हाळ्यात साडेसात. मार्चच्या दुसऱ्या रविवारी त्यांचं घड्याळ एक तास पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, आपलं तिथेच राहतं. हे निभावता येतं. कॅलिफोर्नियाचे सकाळचे नऊ म्हणजे हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, आणि तिथला क्लायंट क्वचितच पहिल्या तासात भेटतो. सिडनी उलट बाजूला: त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपली पहाट, साडेतीन किंवा साडेचार. लंडन सर्वांत सोयीचं, दुपारी दीड-अडीचला त्यांचा दिवस सुरू होतो. ‘अमेरिकन क्लायंट’ एवढ्यावर थांबू नका, किनारा कोणता ते विचारा. आणि एकाच माणसाकडे सिडनी व कॅलिफोर्निया दोन्ही देणार असतील तर सरळ नाही म्हणा. मी सात महिने ते केलं. शरीर ते विसरत नाही.

सणांचंही आधी बोलून घ्या. अमेरिकेत नोव्हेंबरचा चौथा गुरुवार थँक्सगिव्हिंग आणि दुसऱ्या दिवशी ब्लॅक फ्रायडे, म्हणजे मोठ्या सवलतींच्या खरेदीचा दिवस. वस्तू विकणारे क्लायंट असतील तर त्याच्या आधीचे सहा आठवडे रजा मिळणं कठीण, आणि आपली दिवाळी बहुतेक त्याच सहा आठवड्यांत येते. आमच्याकडे आता गणपती आणि दिवाळीचं वेळापत्रक जूनमध्येच क्लायंटच्या कॅलेंडरवर चढतं, आणि फिलिपिन्समधले सहकारी तेव्हा आमची अकाउंट बघतात; त्यांच्या नाताळात आम्ही त्यांची. हे आपोआप झालं नाही, दोन वर्षं मागे लागावं लागलं.

तुमच्या बाबतीत मला खरी काळजी वेगळीच आहे. तुमचा अनुभव दोन वर्षांचा आहे. मी पहिली काही वर्षं पुण्यात कर्वे रोडवरच्या एका छोट्या ऑफिसात काढली आणि जे शिकले त्यातलं निम्मं कुणी शिकवलं नव्हतं, कानावर पडलं होतं. चिडलेल्या क्लायंटशी माझी वरिष्ठ फोनवर कशी बोलते, वाईट आकडे सांगताना ती आधी काय सांगते, फी वाढवून मागताना किती वेळ गप्प राहते. घरी बसल्यावर ते कानावर पडत नाही. हाती फक्त कामाची कार्डं येतात: हे कर, ते कर, पूर्ण झालं की टिक कर. दोन वर्षांनी हात तेवढा वेगाने चालतो, समज तिथेच राहते, आणि बाजारात तुमचा अनुभव चार वर्षांचा धरला जातो. म्हणून विचारा, माझं काम कोण तपासणार, आठवड्यातून किती वेळ, आणि मला वरिष्ठांच्या क्लायंट कॉलवर नुसतं ऐकायला बसता येईल का. आमच्याकडे नव्या मुलांना पहिले तीन महिने आठवड्याला दोन कॉल ऐकायला बसवतो आणि मग अर्धा तास त्यावर बोलतो. तेवढ्या तासांचे पैसे क्लायंटकडून मिळत नाहीत, म्हणून पुष्कळ एजन्स्या ते करत नाहीत. जिथे करतात तिथे पाच-सात हजार कमी घेऊनही जावं, असं मी म्हणेन.

३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी आलं आणि त्यानंतर या धंद्यातलं गणित हललं. सर्वांत आधी मजकूर लिहिणाऱ्यांना फटका बसला. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच, पण राहिलेल्यांकडून दुप्पट मजकुराची अपेक्षा होऊ लागली: लिहायचं यंत्र आहे, तुम्ही फक्त तपासा. तपासायला लिहिण्याइतकाच वेळ लागतो, हे टाइमशीटमध्ये बसत नाही. जाहिरातींच्या बाजूलाही तेच बोललं जातं: जाहिरातीच्या जागेसाठी बोली लावणं आता गूगल आपोआप करतं, मग एका माणसाने आठऐवजी पंधरा अकाउंट का बघू नयेत? कारण क्लायंटचा धंदा समजून घ्यायचं काम आपोआप होत नाही. मुलाखतीत ‘आम्ही एआयमुळे खूप कार्यक्षम झालो आहोत’ असं कुणी म्हटलं, तर लगेच विचारा की त्याआधी प्रत्येकाकडे किती अकाउंट होती आणि आता किती आहेत.

दर काही मिनिटांनी तुमच्या स्क्रीनचा फोटो घेणारं सॉफ्टवेअर बसवायला सांगितलं तर? तासाच्या हिशोबाने पैसे घेणाऱ्या फ्रीलान्सरसाठी मी ते समजू शकते. पूर्णवेळ पगारी माणसावर असं सॉफ्टवेअर असेल तर मी जाणार नाही. माणूस मग विचार करायला खिडकीत जात नाही, माउस हलवत बसतो.

कागदपत्रांकडे या. ‘महिना ६५ हजार’ हा पगार आहे की कन्सल्टंटची फी, हे ऑफर लेटरमध्ये पाहा, कारण रिमोट एजन्स्या बहुतेकदा दुसरा मार्ग घेतात. पगार असेल आणि संस्थेत २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर सहसा प्रॉव्हिडंट फंड आला: मूळ पगारावर तुमचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के. महाराष्ट्रातला व्यवसाय कर वर्षाला २,५०० कापला जाईल, म्हणून फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० गेलेले दिसले तर दचकू नका. दहा किंवा जास्त कर्मचारी असलेल्या संस्थेत स्त्री कर्मचाऱ्याला पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे. कन्सल्टंट म्हणून घेतलं तर फंड आणि प्रसूती रजा यांतलं काहीच मिळत नाही, आजारी पडलात तर त्या दिवसाचे पैसेही नाहीत. भारतात नोंदलेली एजन्सी बहुधा १० टक्के टीडीएस कापेल. वर्षाचे ७ लाख ८० हजार होतात. नव्या करप्रणालीत एवढ्यावर कर बसत नाही, तरी महिन्याला साडेसहा हजार रिटर्न भरून परतावा येईपर्यंत अडकून राहतात. सांगलीत घर बांधायला कर्ज हवं असेल तर बँक पगाराच्या स्लिपा मागते आणि कन्सल्टंटला दोन-तीन वर्षांची रिटर्न दाखवावी लागतात. माझ्या मते कन्सल्टंटची ६५ हजार फी ही ५० ते ५२ हजारांच्या पगारासारखी धरावी. या आकड्यावर बोलणी करा, लाजू नका.

करारात ‘नोकरी सोडल्यावर दोन वर्षं या क्षेत्रात काम करणार नाही’ असं कलम हमखास असतं. आपल्या करार कायद्याच्या २७ व्या कलमानुसार व्यवसायाला मज्जाव करणारा असा करार निरर्थक ठरतो, त्यामुळे त्याच्या भीतीने रात्री जागू नका. गुप्ततेचं कलम मात्र खरं असतं. क्लायंटचे आकडे, पासवर्ड, ग्राहकांच्या याद्या सोबत न्यायच्या नाहीत. आणि व्हिडिओ कॉलवर किंवा स्लॅकवर कुणी नको तसं वागलं, तर ‘ऑफिसच नाही, तक्रार कुठे’ असं मानू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामाच्या जागेच्या व्याख्येत राहतं घरही येतं, आणि दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती असावीच लागते. तिच्या सदस्यांची नावं पहिल्याच दिवशी मागून घ्या.

घराबद्दल दोन गोष्टी. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. दोन-अडीच हजारांचा छोटा यूपीएस राउटरला लावा, आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा. महावितरणच्या दुरुस्तीचा वार कोणता ते कळलं की त्या दिवशी कॉल ठेवू नका. दुसरं जास्त अवघड आहे. आईवडिलांना ‘घरी आहे’ आणि ‘कामावर आहे’ यांतला फरक सुरुवातीला कळत नाही. बँकेत सोडून ये, गॅसवाला येईल तेवढं बघ, मावशी आल्यात पाच मिनिटं बाहेर येऊन बस. त्यात त्यांचं काही चुकत नाही, तुम्ही परत आलात याचा त्यांना आनंद आहे. मी दारावर पाटी लावून काही झालं नाही. एकदा सासूबाईंना शेजारी बसवून क्लायंटचा अख्खा कॉल ऐकवला. त्यांना इंग्रजी फारसं कळलं नाही, पण मी किती वेळ बोलते, किती लिहून घेते आणि कॉल संपल्यावर कशी थकते ते दिसलं. तेव्हापासून दुपारी चार ते रात्री नऊ माझ्या खोलीचं दार त्याच लोटतात.

तुमच्या ऑफरचं काय करायचं? एचआरला नको, ज्याच्या हाताखाली काम करायचं आहे त्यालाच अर्धा तास मागा. माझ्या नावावर किती अकाउंट येणार, त्यांचे रिटेनर साधारण किती, सध्या ती कुणाकडे आहेत आणि तो माणूस कुठे चाललाय, एवढं विचारा. तो नोकरी सोडून गेला असेल तर किती महिने टिकला ते विचारा. सर्वांत मोठा क्लायंट एजन्सीच्या एकूण उत्पन्नाचा किती भाग देतो, हेही विचारायला हरकत नाही. एकच क्लायंट ४० टक्के देत असेल तर तो गेल्यावर तुमच्यासारखी नवी माणसंच आधी जातात. मग जे बोलणं झालं ते त्याच रात्री ईमेलने पाठवा: ‘ठरल्याप्रमाणे पहिले सहा महिने माझ्याकडे आठ अकाउंट असतील, वाढवायची झाल्यास आधी चर्चा होईल, आणि माझं काम आठवड्यातून एकदा तपासलं जाईल.’ त्यावर ‘हो’ असं लेखी उत्तर आलं तर पुण्यातली खोली सोडा. आठवडाभर उत्तर आलं नाही, किंवा फोन करून ‘एवढं लिहून कशाला, आपण घरातलेच आहोत’ असं कुणी म्हणालं, तर खोलीचा करार आणखी एक महिना वाढवा आणि दुसरीकडे अर्ज सुरू ठेवा.